जबर पाने टाकण्याची विद्या

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून जो पोकर खेळला जाई, त्यात एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या वीसच पानांचा जोड असे आणि चौघांना पाच-पाच पाने वाटली की तो संपे. समोरच्याचे एकही पान उघडे नाही, पान बदलण्याची मुभा नाही, बोलीची फेरीही एकच, अशा खेळात जबर पाने विचारपूर्वक टाकून द्यावीत इतका पुरावाच खेळणाऱ्याच्या हाती पडत नसे. शिवाय, मेजावर मांडलेल्या रकमेपलीकडे कोणासही बोली करता येणार नाही हा दंडक रूढ होईपर्यंत, चांगली पाने हातची जाण्यास बुद्धीपेक्षा रिकामी थैलीच अधिक कारण होत असावी.

पुढे बावन्न पानांचा जोड आला, पाने बदलून घेण्याची सवलत आली, यादवी युद्धाच्या सुमारास काही पाने उघडी मांडण्याचा प्रकार लोकप्रिय झाला. परंतु या विद्येला खरा बहर आला तो टेक्सास होल्डेममध्ये, ज्याचे जन्मस्थान म्हणून रॉब्सटाउन या गावास टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ साली ठरावाने मान्यता दिली. येथे प्रत्येकाची दोन पाने झाकलेली, मध्यभागी पाच सामाईक, आणि बोलीच्या फेऱ्या चार. समजा, बदाम आणि चौकट यांचे एक्के आपल्या हाती असून किलवरचा एक्का मध्ये उतरला आहे, पण उरलेली चारही पाने, सत्ती, नव्वी, गुलाम आणि राणी, इस्पिकचीच निघाली. मग तीन फेऱ्या मुकाट्याने बोली भरीत आलेला गृहस्थ चौथे इस्पिक पडताच सर्व रक्कम पुढे सरकवतो, तेव्हा मुरब्बी फडणिसाने जुनी कीर्द तपासावी तशी त्याची प्रत्येक बोली आरंभापासून ताडून पाहावी लागते, कारण एकच इस्पिक त्याच्याजवळ असले तरी आपले तीन एक्के मातीमोल होतात.

१९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या डॉयल ब्रन्सनने आपल्या ग्रंथात आक्रमणाचा पुरस्कार केला, आणि माझ्या मते या विद्येचे मोल त्यानेच वाढविले. कारण आक्रमक खेळाडू दुबळ्या पानांवरही सर्वस्व लावू लागला, तेव्हा त्याचा खोटेपणा ओळखणे हे त्याच्या खरेपणापुढे माघार घेण्याइतकेच निकडीचे झाले.

लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू या जुगारगृहात २००३ साली याच जागतिक स्पर्धेत ८३९ स्पर्धकांतून दोघेच उरले असता, सॅमी फरहा या कसलेल्या जुगाऱ्याने नव्वीची जोडी जुळलेली असताना, ख्रिस मनीमेकर या टेनेसीच्या हिशेबनिसाने निव्वळ थापेवर लावलेल्या सर्व रकमेपुढे पाने टाकली. त्याला पुष्कळांनी दोष दिला. मला तो निर्णय तितकासा अडाणी वाटत नाही, कारण मध्यभागी तीन इस्पिके उघडी होती आणि प्रतिपक्षाचा चेहरा निर्विकार होता. पुढे थोड्याच वेळात गुलामांची जोडी मिळताच फरहाने मात्र सर्वस्व लावले. मनीमेकरजवळ पंजी-चौकीच्या दोन जोड्या आधीच तयार होत्या, शेवटचे पानही पंजीच निघाले, आणि २५ लाख डॉलर हिशेबनिसाच्या पदरी पडले.