मागणारा आणि घडवणारा : पल्लादर्शक कॅमेऱ्याच्या निमित्ताने

'पल्ला' हा शब्द आपल्या भाषेत तोफेबरोबर रुळला. तोफेचा पल्ला, बंदुकीचा पल्ला असे आपण म्हणतो, आणि मग लांबचा पल्ला गाठणे ही बोली त्यातून सहज निघते. छायाचित्रणातला 'रेंजफाइंडर'देखील याच कुळातला आहे. लक्ष्य किती दूर आहे हे मोजण्यासाठी तोफखान्याने आणि भूमापकांनी वापरलेले साधन पुढे लहान होऊन कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसले. म्हणून या लेखापुरते त्याला 'पल्लादर्शक' म्हणू.

त्याची रचना समजायला अवघड नाही. कॅमेऱ्याच्या दर्शनी भागात एकमेकींपासून काही सेंटिमीटर अंतरावर दोन खिडक्या असतात. दोन्हींतून येणारी दृश्ये एकाच झरोक्यात एकावर एक पडतात. भिंगाचे कडे फिरवले की त्यातले एक दृश्य सरकते, आणि दोन्ही तंतोतंत जुळली की भिंग नेमक्या अंतरावर आले असे समजावे. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज घेतात तेच तत्त्व येथे पितळ आणि काच यांच्या साहाय्याने राबवलेले आहे. आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात आपण भिंगातूनच पाहतो, पण नेमक्या टिपण्याच्या क्षणी आरसा वर उचलला जातो आणि दृश्य नाहीसे होते. पल्लादर्शकात ते नाहीसे होत नाही. शिवाय चौकटीच्या रेषांबाहेरचेही दिसत राहते. चित्रात कोण येणार आहे आणि कोण नुकता निघून गेला, हे पाहणाऱ्याला कळते.

डिजिटल छायाचित्रण सर्वत्र झाल्यानंतरही रोलवर चित्रे काढणारा एक वर्ग जगभर टिकून आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्यात तरुणांची भर पडली आहे. पुढचा पल्लादर्शक कॅमेरा कसा असावा, त्याची भिंगे कशी असावीत, याविषयी या मंडळींच्या मागण्या बऱ्याच ठाम आहेत. वरवर पाहता त्या तांत्रिक वाटतात. त्यामागचा खरा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे, आणि त्या इतिहासाचे एक पान कोल्हापुरात लिहिले गेले आहे. यंत्र मागणारा आणि यंत्र घडवणारा यांच्यात किती अंतर असावे, असा तो प्रश्न आहे.

दादासाहेब फाळके 1912 साली लंडनला गेले, तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले आणि 1913 च्या मे महिन्यात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. कॅमेरा विलायती असला तरी त्याभोवतीचे काम घरातच चालले. कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडणे, ती धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली होती. आपल्याकडे चलच्चित्राचा उद्योग सुरू झाला तो असा, स्वयंपाकघराला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत.

हा चित्रपट पाहून कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव भारावले. दोघेही रंगभूमीचे पडदे रंगवणारे चित्रकार. विलायती कॅमेरा मागवण्याऐवजी तो आपणच तयार करावा असे त्यांच्या मनाने घेतले. 1916 साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने 1918 साली त्यांनी कॅमेरा सिद्ध केला. महायुद्ध अद्याप चालू होते. परदेशी यंत्र मिळवणे दुष्कर आणि ऐपतीबाहेरचे होते, हे तर खरेच. पण अडचण सर्वांनाच होती, कॅमेरा मात्र याच मंडळींनी घडवला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 साली पुण्यात प्रदर्शित झाला. कोल्हापुरात खरी कॉर्नरला उभा असलेला कॅमेऱ्याचा स्तंभ या कर्तृत्वाची आठवण म्हणून आहे. एखाद्या यंत्राचे स्मारक उभारणारी गावे आपल्याकडे फारशी नसावीत.

येथे दामल्यांचे पुढचे चरित्र लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या हातांनी कॅमेऱ्याचे सुटे भाग जुळवले त्याच हातांनी पुढे 1929 साली 'प्रभात' उभारण्यात भाग घेतला, आणि 1936 साली फत्तेलाल यांच्यासह 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. साहित्याच्या वर्गात आपण या चित्रपटाविषयी बोलतो तेव्हा विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि भक्तिपरंपरेचे रूपांतर यांवर बोलतो. दिग्दर्शकांपैकी एक जण यंत्र उघडून पाहणारा माणूस होता, हे सांगायचे राहून जाते. त्या चित्रपटातील चमत्कारांच्या दृश्यांत जो संयम आहे, त्याचे मूळ या जाणकारीतही शोधता येईल. कॅमेऱ्याला काय येते आणि काय येत नाही, हे ठाऊक असलेला माणूस त्याच्याकडून भलतेच मागत नाही.

कोल्हापूरचा कॅमेरा चलच्चित्राचा होता, पल्लादर्शक नव्हे. तरीही दोघांचे नाते जवळचे आहे, कारण दोघांच्या पोटात फिल्म एकच. जर्मनीत वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक हा तंत्रज्ञ 1913-14 च्या सुमारास एक लहान कॅमेरा तयार करत होता. त्या काळचे काचेच्या तबकड्यांचे कॅमेरे वजनाने भारी, आणि बार्नाकची प्रकृती नाजूक. त्याने सिनेमाची 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, ती आडवी फिरवली आणि सिनेमाच्या दोन चौकटी एकत्र करून 24 × 36 मिलिमीटरची एक चौकट केली. हा कॅमेरा 1925 साली 'लायका' या नावाने बाजारात आला. 1932 साली त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत भिंगाशी जोडलेला पल्लादर्शक बसला. 1954 च्या 'एम 3'मध्ये पाहण्याचा आणि पल्ला जुळवण्याचा झरोका एकच झाला. आजचे पल्लादर्शक कॅमेरे बव्हंशी त्याच घराण्यातले आहेत.

कोल्हापूर आणि वेट्झलार यांच्या साधनसामग्रीची तुलना होऊ शकत नाही. बार्नाकच्या पाठीशी सूक्ष्मदर्शके बनवणारा कारखाना होता, बाबूरावांच्या पाठीशी रंगवलेले पडदे. एक गोष्ट मात्र दोघांत समान होती : मागणारा आणि घडवणारा एकच होता. बार्नाक स्वतः हौशी छायाचित्रकार होता, त्याने पहिला कॅमेरा आपल्या खांद्याचा विचार करून बनवला. पुढे ज्याची 'रचना' म्हणून वाखाणणी झाली ते मुळात एका माणसाचे गाऱ्हाणे होते.

आपल्याकडे या कॅमेऱ्याची ओळख प्रथम पाहुण्यांच्या हातून झाली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ 1947 साली भारतात आला. 30 जानेवारी 1948 रोजी तो गांधीजींना भेटला, आणि त्याच संध्याकाळी त्यांची हत्या झाली. पुढच्या दिवसांतली त्याची छायाचित्रे जगाने पाहिली. सामान्य मराठी घरात मात्र लायका कधी आला नाही. तेथे बडोद्यास तयार होणारा 'आग्फा क्लिक थ्री' आला, ज्याला पल्ला जुळवण्याची भानगडच नव्हती. परदेशातून कोणी आणला तर याशिकाचा 'इलेक्ट्रो 35', नाही तर 'झोर्की' किंवा 'फेड' हे लायकाच्या धर्तीवरचे सोव्हिएत कॅमेरे. फिल्मच्या बाबतीत उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने 1967 पासून उत्पादन सुरू केले होते. 'इंदू' या नावाची त्यांची कृष्णधवल फिल्म अनेक स्टुडिओंनी वापरली. हा कारखाना पुढे बंद पडला. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी कृष्णधवल रोल स्टुडिओच्या मागच्या खोलीत धुतला जाई. रंगीत रोल मोठ्या शहराकडे पाठवावा लागे आणि चित्रांची वाट पाहावी लागे. 'रोल धुणे' हा वाक्प्रचार आज वर्गात समजावून सांगावा लागतो.

आता मागण्यांकडे वळू. पहिली मागणी अशी की कॅमेरा घटाशिवाय चालावा. यामागे अनुभव आहे. 'इलेक्ट्रो 35' पाऱ्याच्या घटावर चाले. पाऱ्याच्या घातकतेमुळे असे घट बनणे थांबले, आणि सुस्थितीतले हजारो कॅमेरे पर्यायी घट जुळवण्याच्या खटपटीत अडकले. उलट सत्तर वर्षांपूर्वीचा 'एम 3' आजही निव्वळ चाके आणि स्प्रिंग यांवर चालतो. प्रकाशमापक असावा, पण तो बंद पडला म्हणून शटर बंद पडू नये, इतकेच छायाचित्रकार मागतात.

दुसरी मागणी उन्हाच्या मुलखातली आहे. पल्लादर्शकाच्या भिंगामागे आरसा नसतो. झाकण न लावता कॅमेरा सूर्याकडे तोंड करून राहिला तर भिंगातून एकवटलेले ऊन शटरच्या कापडी पडद्याला भोक पाडते. विदर्भाच्या वैशाखात हा धोका पुस्तकी राहत नाही. कॅननने 1959 च्या 'पी' कॅमेऱ्यात धातूचे पडदे बसवले होते. म्हणजे उत्तर पूर्वीच सापडलेले आहे, ते पुन्हा वापरायला हवे.

तिसरी मागणी चष्मेवाल्यांची. रुंद भिंगाच्या चौकटरेषा झरोक्याच्या अगदी कडेला असतात आणि चष्म्यामुळे डोळा तितका जवळ नेता येत नाही. चौथी मागणी भिंगांविषयी आहे. अलीकडची काही भिंगे अर्ध्या मीटरहून जवळचेही टिपतात, पण पल्लादर्शकाची जोड साधारण 70 सेंटिमीटरवर संपते. त्यापुढचे डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून जुळवायचे असते. रोलच्या कॅमेऱ्याला पडदा नाही, तेव्हा त्या सोयीचे मोल रोलवाल्याने द्यायचे आणि उपभोग मात्र दुसऱ्याने घ्यायचा, असा हा प्रकार आहे. त्यांना हवी आहेत ती लहान, झरोक्यात आडवी न येणारी, अंतराचे आकडे स्पष्ट कोरलेली भिंगे. अंधारातही चित्र काढणारे अवजड भिंग हवे असणारे त्या मानाने थोडे.

पाचवी मागणी दराची. जपानच्या कोसिना कंपनीने 2000 सालापासून फोग्टलेंडर या नावाने 'बेसा' मालिकेचे पल्लादर्शक कॅमेरे लायकाच्या मानाने पुष्कळ स्वस्तात दिले. 2015 साली ते थांबले. लायकाने 2022 साली आपला 'एम 6' पुन्हा बाजारात आणला. अमेरिकेत त्याची किंमत 5295 डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने चार लाख रुपयांहून अधिक. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने हा आकडा ऐकून गप्प बसावे हे स्वाभाविक आहे.

या पाचही मागण्या एकत्र वाचल्या तर त्यांतली एकही अपूर्व नाही, हे ध्यानात येते. प्रत्येक गोष्ट कधी ना कधी कोणी तरी करून दाखवलेली आहे. भविष्याकडे तोंड करून मागितलेली ही सारी भूतकाळातली चीजवस्तू आहे. याला स्मरणरंजन म्हणून मोडीत काढणे सोपे, पण ते अपुरे ठरेल. मागणाऱ्यांना जुने रूप हवे आहे असे नाही. उघडता येईल, समजून घेता येईल आणि दुरुस्त करता येईल असे यंत्र त्यांना हवे आहे. बाबूराव आणि दामले यांना जे सहज उपलब्ध होते, म्हणजे स्वतःच्या साधनाचे पूर्ण ज्ञान, ते आज विकत मागावे लागते आहे.

आणि ते विकत देणाऱ्यांकडेही ते उरलेले नाही. पेंटॅक्सने 2024 साली 'पेंटॅक्स 17' हा नवा रोलचा कॅमेरा आणला. त्यात पल्लादर्शक नाही, अंतर अंदाजाने लावायचे. तो तयार करताना कंपनीला आपल्या निवृत्त अभियंत्यांचा सल्ला घ्यावा लागला, कारण फिल्म पुढे सरकवण्याच्या यंत्रणेची जाण असलेली पिढी घरी बसली होती. त्याची चौकट 17 × 24 मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ सिनेमाच्या चौकटीएवढीच. बार्नाकने दुप्पट केलेली चौकट शंभरएक वर्षांनी पुन्हा निम्मी झाली. आराखडे कागदावर राहतात, पण हाताचे कसब माणसाबरोबर जाते. याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको. एखादी बोली बोलणारे शेवटचे चारदोन वृद्ध उरावेत तशी ही अवस्था आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांना तिची भीती निराळी सांगायला नको.

म्हणून प्रश्न आपल्या अंगणातला ठरतो. 'सैरंध्री' आज पाहायला मिळत नाही. पुण्यात 2003 च्या जानेवारीत लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरचे कितीतरी जुने चित्रपट नष्ट झाले. कोल्हापुरात यंत्राचा स्तंभ राहिला, यंत्राने पाहिलेले बव्हंशी गेले. तालुक्याच्या गावांतील बंद पडलेल्या स्टुडिओंत निगेटिव्ह पडून आहेत : लग्ने, शाळांचे गट, नाटकांचे प्रयोग, साहित्यसंमेलनांना आलेली मंडळी. त्या धुणारे, आणि शटर उघडून साफ करणारे कारागीर आता वयस्क आहेत. 'शटर ओढतंय', 'भिंगाला बुरशी धरली', 'पल्ला सरकला' ही त्यांची परिभाषा कोणत्याही कोशात नीट उतरलेली नाही.

नवा पल्लादर्शक कॅमेरा जपानमध्ये होईल किंवा जर्मनीत, त्यावर दिग्रसच्या वाचकाचा अधिकार चालणार नाही. ही परिभाषा आणि तिच्यामागचे कसब टिपून ठेवणे मात्र मराठीच्या विद्यार्थ्यांना शक्य आहे. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी आपण दरवर्षी लोकगीते आणि म्हणी गोळा करायला सांगतो. यंदा एखाद्या विद्यार्थ्याने गावातल्या जुन्या छायाचित्रकाराकडे जाऊन बसावे, त्याचा कॅमेरा त्याच्याच हाताने उघडायला लावावा आणि प्रत्येक भागाला तो काय म्हणतो ते लिहून घ्यावे.