मळीचे इंधन आणि यंत्राची साक्ष

उसाचा रस आटवून साखर वेगळी काढली म्हणजे मागे जो काळा, दाट व चिकट द्रव उरतो, त्याला कारखान्याच्या भाषेत मळी म्हणतात. साखर कारखानदारीच्या आरंभीच्या काळात ही मळी म्हणजे एक संकटच होते. साठवावी तर जागा पुरत नाही आणि ओढ्यात सोडावी तर पाणी नासते. १९३२ साली हिंदुस्थानातील साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि पुढील पाच-सहा वर्षांत कारखान्यांची संख्या सुमारे चौपट झाली. साखरेबरोबर मळीही वाढली. या टाकाऊ पदार्थापासून मद्यार्क काढावा आणि तो पेट्रोलमध्ये मिसळून मोटारी चालवाव्यात, हा विचार तेव्हाच आपल्या देशात मूळ धरू लागला. आज पेट्रोल पंपावर ज्या मिश्रणाविषयी वाद चालतो, त्याची वंशावळ अशी बरीच जुनी आहे.

या वंशावळीचा पहिला धागा रसायनशास्त्रात सापडतो. मद्यार्काचे साधे ऊर्ध्वपातन कितीही वेळा केले, तरी त्यात शेकडा चार-पाच भाग पाणी उरतेच. असा पाणीदार मद्यार्क पेट्रोलशी एकजीव होत नाही. १९०२ साली सिडनी यंग या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने मद्यार्कात बेंझीन मिसळून हे उरलेले पाणी ओढून काढण्याची रीत दाखविली. निर्जल मद्यार्क मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची वाट तेथून मोकळी झाली. मात्र पाण्याचे वैर संपले नाही. मद्यार्क हवेतील ओलावा शोषून घेतो. टाकीत पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे साचले, की मद्यार्क पेट्रोलची संगत सोडून पाण्याशी सलगी करतो आणि तळाशी जाऊन बसतो. मग इंजिनाला वरचे पेट्रोल न मिळता तळचे पाणीच मिळू लागते.

संयुक्त प्रांत आणि बिहार या दोन प्रांतांनी १९३८ साली मळी व इंधनयोग्य मद्यार्क यांच्या चौकशीसाठी संयुक्त समिती नेमली. १९४० साली संयुक्त प्रांताने त्यासंबंधी कायदा केला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे शिधावाटप सुरू झाल्यावर या इंधनाची निकड अधिकच भासली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, केंद्र सरकारने ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अॅक्ट’ संमत केला. पुढे मात्र हा उत्साह ओसरला. खनिज तेल स्वस्त होते, तर मद्यार्काला रासायनिक कारखान्यांकडून आणि मद्याच्या भट्ट्यांकडून मागणी होती. निरुपयोगी ठरलेला हा कायदा अखेर २००० साली रद्द झाला.

भारतात हा प्रयोग असा रेंगाळला असता, ब्राझील देशाने तो तडीस नेला. तेथे १९३१ सालीच आयात पेट्रोलमध्ये शेकडा ५ भाग मद्यार्क मिसळण्याची सक्ती झाली होती. १९७३ साली तेलाचे भाव कडाडले आणि उसाने समृद्ध, परंतु तेलाने दरिद्री अशा त्या राष्ट्राची तिजोरी रिती होऊ लागली. तेव्हा १४ नोव्हेंबर १९७५ रोजी सरकारने ‘प्रोआल्कोल’ नावाची राष्ट्रीय योजना जाहीर केली. उर्बानो एर्नेस्तो श्तुम्फ या अभियंत्याने साओ जोसे दोस काम्पोस येथील संशोधनकेंद्रात मद्यार्कावर चालणारी इंजिने सिद्ध केली. १९७६ साली अशा तीन मोटारी देशभर हजारो किलोमीटर फिरवून लोकांची खात्री पटविण्यात आली.

या प्रयोगांत यंत्राने जी साक्ष दिली, ती आजही तितकीच महत्त्वाची आहे. एक लिटर मद्यार्कात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश इतकीच उष्णता असते. याउलट, पेट्रोलचे इंजिन अधिक दाबाखाली जे ठोके देऊ लागते, ते मद्यार्क मोठ्या प्रमाणात टाळतो. म्हणून इंजिनातील दाब वाढविला, तर उष्णतेतील तूट काही अंशी भरून काढता येते. परंतु जुन्याच इंजिनात नवे इंधन ओतले, तर तूट तेवढी पदरी पडते, लाभ मात्र मिळत नाही. मद्यार्कात स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याला जळण्यास हवाही कमी लागते. जुन्या कार्बुरेटरचे छिद्र ठरावीक मापाचे असल्यामुळे अशा इंजिनाला मिश्रण विरळ मिळते. नव्या इंजिनात मात्र धुरातील प्राणवायू मोजून इंधनाचे प्रमाण आपोआप बदलण्याची सोय असते.

धातू आणि रबर यांचीही अशीच परीक्षा झाली. कार्बुरेटरच्या जस्तमिश्रित धातूला गंज चढू लागला, काही प्रकारच्या रबरी नळ्या फुगल्या, तर काहींना तडे गेले. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ मद्यार्काने सुटा केला आणि गाळण्या तुंबल्या. थंडीच्या सकाळी निव्वळ मद्यार्काची मोटार सुरू होईना. ब्राझीलच्या कारागिरांनी यातील एकेका अडचणीवर उपाय शोधला. कार्बुरेटरला निकेलचा मुलामा दिला, नळ्यांचे रबर बदलले आणि गाडी सुरू करण्यापुरती पेट्रोलची एक छोटी टाकी बसविली. १९७९ साली निव्वळ मद्यार्कावर चालणारी मोटार बाजारात आली आणि १९८०च्या दशकाच्या मध्यास तेथे विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊ याच जातीच्या होत्या.

परंतु १९८९ साली मद्यार्काचा तुटवडा पडला. तेल स्वस्त झाले होते आणि ऊस मद्यार्काऐवजी साखरेकडे वळू लागला होता. ज्यांनी सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून मोटारी घेतल्या, त्यांना पंपापुढे रांगा लावाव्या लागल्या. योजनेची पत गेली ती यंत्राच्या दोषाने नव्हे. ग्राहकाला दुसरा मार्गच उरला नव्हता, हे तिचे कारण. २००३ साली कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणारी मोटार तेथे निघाली. पंपावर निव्वळ मद्यार्क आणि मिश्रित पेट्रोल अशी दोन्ही इंधने असल्याने, भाव पाहून निवड करण्याचा अधिकार चालकाच्या हाती आला. तेव्हा कुठे गेलेला विश्वास परतला.

भारतात या विचाराला पुन्हा चालना मिळाली ती २००१ साली. त्या वर्षीच्या प्रायोगिक केंद्रांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही दोन ठिकाणे होती. बेळगावकरांना रेल्वेच्या वाटेवर नित्य भेटणारे मिरज असे या इतिहासात नोंदले गेले आहे. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत शेकडा ५ भाग मिश्रण सुरू झाले. २०२२ साली हे प्रमाण १० वर आणि २०२५ साली २० वर पोहोचले. आता केवळ उसापासून नव्हे, तर मका व तांदूळ यांपासूनही मद्यार्क काढला जातो.

२०२१ साली नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात या मार्गातील खाचखळगे स्पष्ट सांगितले होते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळविलेल्या चारचाकी गाड्यांचे मायलेज २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्क्यांनी, तर तशाच दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा तिचा अंदाज होता. गणितही त्याला दुजोरा देते: एकपंचमांश इंधनातील एकतृतीयांश उष्णता कमी झाली, तर एकंदर तूट साडेसहा टक्क्यांच्या आसपास येते. जुन्या वाहनांसाठी १० टक्क्यांचे इंधनही उपलब्ध ठेवावे, असे त्याच समितीने सुचविले होते. प्रत्यक्षात २०२५ साली बहुतेक पंपांवर एकच मिश्रण मिळू लागले. पर्याय मागणारी याचिका त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

मद्यार्कामुळे परकीय चलन वाचते आणि ऊस व मका पिकविणाऱ्यांना नवा ग्राहक लाभतो, हे नाकारता येणार नाही. तो यंत्राचा शत्रू आहे, असेही इतिहास म्हणत नाही. त्याच्यासाठी घडविलेले यंत्र त्याच्यावर उत्तम चालते. प्रश्न आहे तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या स्कूटरवर ज्याचा संसार चालतो, त्या दूधवाल्याचा, फिरत्या विक्रेत्याचा, शाळामास्तराचा. राष्ट्राच्या लाभासाठी त्याने दर लिटरमागे थोडे अंतर आणि कधी एखादी नळी वा गाळणी गमवावी, ही अपेक्षा असेल, तर त्याला ती आधी सांगितली पाहिजे आणि इंधनाच्या किमतीत त्याची भरपाईही केली पाहिजे. इंधन बदलण्यास एक आदेश पुरतो. लोकांच्या घरातील वाहने बदलण्यास एक पिढी लागते. या दोहोंमधील अंतर कोणाच्या खर्चाने ओलांडायचे, हा प्रश्न ब्राझीलला १९८९ साली पडला होता. आपल्याकडेही त्याचे उत्तर अद्याप द्यावयाचे राहिले आहे.