चाकांवरच्या घराचे पोट

अमेरिकेतल्या मोबाइल होमच्या खाली शिरायचे तर उताणे पडून सरपटावे लागते. वर पाहिले की दोन लांब पोलादी तुळया दिसतात, त्यांना जोडलेल्या आडव्या पट्ट्या, आणि त्यांच्यावर ताणून बसवलेला काळा पडदा. हा पडदा आणि खोलीतली फरशी यांच्यामध्ये जी पोकळी राहते तिला तिथले कारागीर घराचे पोट म्हणतात. पाण्याचे पाइप याच पोटातून जातात. भट्टीतली गरम हवा खोल्याखोल्यांत नेणारे पत्र्याचे नळकांडेही बहुतेक घरांत तिथूनच जाते. आपल्याकडे घर दगडी जोत्यावर बसते आणि जोते मुरमाने गच्च भरलेले असते. तिथे मात्र घराच्या खालूनही हिवाळी वारा वाहतो.

या पोटाकडे कित्येक दशके कुणी नीट पाहिले नाही. गरीब आणि कष्टकरी कुटुंबांनी त्याची किंमत दर हिवाळ्यात इंधनाच्या बिलातून मोजली. दोष केवळ कारखानदारांच्या काटकसरीचा म्हणता येणार नाही. हे घर मुळात गाडी म्हणून जन्माला आले होते, आणि त्याचा तळ पुढेही गाडीच्याच हिशेबाने बांधला जात राहिला.

१९२९च्या सुमारास डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन या जीवाणुतज्ज्ञाने कुटुंबाच्या सहलीसाठी मोटारीमागे ओढायची एक खोली बांधवून घेतली. त्यातून त्याची कव्हर्ड वॅगन ही कंपनी उभी राहिली आणि १९३६पर्यंत ती देशातली सर्वांत मोठी ट्रेलर-उत्पादक झाली. उन्हाळ्याच्या भटकंतीसाठी केलेल्या या खोल्यांना उबदार तळाची गरज नव्हती. पण मंदीच्या काळात बेघर झालेली माणसे त्यांतच बारमाही राहू लागली. दुसऱ्या महायुद्धात तर सरकारनेच हजारो ट्रेलर विकत घेऊन शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांजवळ कामगारांच्या वसाहती वसवल्या. मिशिगनमधल्या विलो रन या बॉम्बर विमानांच्या कारखान्याजवळ अशी मोठी वसाहत होती, आणि मिशिगनचा हिवाळा कडाक्याचा.

युद्धकाळातल्या बऱ्याच ट्रेलरांत न्हाणीघर नसे. ती सोय वसाहतीत सामाईक असायची. युद्धानंतर न्हाणीघर आत आले, त्याबरोबर पाइप आले, आणि पाइप लपवायला पोट आले. १९५४मध्ये विस्कॉन्सिनच्या मार्शफील्ड गावात एल्मर फ्रे याने दहा फूट रुंदीचे घर बाजारात आणले. तोवर आठ फुटांची मर्यादा पाळली जाई. दहा फुटी घर रस्त्यावर न्यायला खास परवाना लागे, पण आत खोल्यांच्या बाजूने चिंचोळी वाट काढता येऊ लागली. हे घर एकदा जागेवर नेऊन ठेवले की सहसा हलत नसे. तरी ते रस्त्यावरून ओढत न्यायचेच होते, म्हणून वजन आणि उंची दोन्ही आटोक्यात ठेवावी लागत. वाटेत उडणारे खडे आणि पाणी वर लागू नये यासाठी तळाला डांबर मुरवलेला पुठ्ठ्यासारखा बोर्ड ठोकत. त्यावर ग्लासवूलचा, म्हणजे ऊब धरणाऱ्या काचतंतूंचा, पातळ थर अंथरला की झाले. थोडक्यात, हे आवरण प्रवासापुरते होते. पुढची वीस-तीस वर्षे त्याच्यावर माणसे राहणार आहेत हे त्यात धरलेले नव्हते.

हिवाळ्यात अशा घरात काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. आतली उबदार हवा हलकी होऊन छताच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा ओढली जाते. फरशीतल्या पाइपांच्या भोकांतून, न्हाणीच्या टबाखालून, भिंतीच्या कडेने ती वर येते. त्यातच भट्टीचा पंखा नळकांड्यात जोराने हवा ढकलतो. नळकांड्याचे सांधे उघडे असले तर पैसे मोजून तापवलेली हवा आधी पोटात भरते, आणि पडदा फाटलेला असला तर बाहेर अंगणात जाते. पडदा फाटायला कारणे पुष्कळ. पाइप दुरुस्त करायला आलेला कारागीर तो कापतो आणि तसाच सोडून जातो. उंदीर ग्लासवूलमध्ये घरटी करतात. पाइप गळला की पाणी पडद्यात साचून त्याची पखाल होते आणि अखेर तो फाटतो.

लोकांनी आपापले उपाय केले. विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडे हिवाळ्याच्या तोंडावर घराच्या चारी बाजूंनी पेंढ्याचे गठ्ठे रचत. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यांना विजेवर तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळत, आणि जुन्या किंवा चुकीच्या तऱ्हेने गुंडाळलेल्या पट्ट्यांमुळे आगीही लागत.

१९७२मध्ये अमेरिकेत एका वर्षात पावणेसहा लाखांच्या आसपास मोबाइल होम बांधली गेली. तो उच्चांक होता. पुढच्याच वर्षी तेलाच्या किमतींचा भडका उडाला. १९७४मध्ये अमेरिकी संसदेने या घरांच्या बांधणीचा कायदा केला आणि १५ जून १९७६पासून सबंध देशाला एकच नियमावली लागू झाली. त्या दिवसानंतर बांधलेल्या घरावर लाल रंगाची धातूची पट्टी असते. त्याच वर्षी गरिबांच्या घरांची उष्णतागळती थांबवण्याच्या सरकारी कार्यक्रमाला कायद्याचा आधार मिळाला. सुरुवातीला त्याचा भर खिडक्यांना प्लास्टिक लावण्यावर आणि दिसतील त्या फटी बुजवण्यावर होता. घराखाली शिरायचे काम नंतर आले.

ते नेटाने सुरू व्हायला प्रयोगांचा आधार लागला. कोलोरॅडोतल्या गोल्डन इथल्या सोलर एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूटने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जुनी मोबाइल होम घेतली, त्यांत एकेक सुधारणा केली आणि प्रत्येकीने किती उष्णता वाचते ते मोजले. पोटात ग्लासवूल फुंकून भरणे आणि हवेच्या वाटा बंद करणे हे उपाय खर्चाच्या मानाने उजवे ठरले. माझ्या मते या घरांच्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे काम आहे, कारण त्यामुळे कामाला क्रम मिळाला. आधी गळके पाइप दुरुस्त करायचे. मग नळकांड्याचे सांधे लेपाने आणि जाळीच्या पट्टीने बुजवायचे. (कापडी डक्ट टेप या कामी टिकत नाही हे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८मध्ये चाचण्यांनी दाखवले.) मग पडद्याला ठिगळे लावायची, आणि शेवटी नळीने ग्लासवूल भरायचे. कागदाचा भुगा स्वस्त असतो, पण तो पाणी धरून जड होतो, म्हणून तो इथे टाळतात. हा क्रम चुकला तर नुकसानच होते. गळक्या नळकांड्याच्या उबेवर पाइप इतकी वर्षे न गोठता तगलेले असतात. सांधे बुजवले आणि पोट उघडे ठेवले, तर पहिल्याच कडक थंडीत पाइप फुटतात.

नव्या घरांचे काय? कारखान्यात घराची फरशी सर्वांत आधी बांधली जाते. तेव्हा पोट थोडा वेळ उघडे असते, त्यात हवा तेवढा जाड थर घालता येतो. ही संधी वायव्येकडच्या वीजसंस्थांनी ओळखली. १९९२मध्ये बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या पुढाकाराने त्यांनी कारखानदारांनाच थेट पैसे द्यायला सुरुवात केली. नवे वीजकेंद्र उभारण्यापेक्षा घराचा तळ जाड करणे स्वस्त पडत होते. देशभराच्या नियमांना मात्र वेळ लागला. १९८७च्या कायद्याने सांगितलेली सुधारणा १९९४च्या ऑक्टोबरमध्ये अमलात आली. तिने देशाचे हवामानानुसार तीन पट्टे केले आणि घर किती उष्णता गमावू शकते याची मर्यादा कडक केली. त्यानंतर २००७च्या कायद्याने हे काम ऊर्जा खात्याकडे सोपवले. त्या खात्याचे नियम यायला २०२२ उजाडले, आणि आल्यावरही त्यांची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. दरम्यान १९७६पूर्वीच्या कित्येक घरांत आजही माणसे राहतात, आणि थंडीच्या आधी कामगारांच्या तुकड्या नळ्या आणि ठिगळे घेऊन त्यांच्याखाली शिरतात.