शासकीय अभिलेख : जतन व निंदणीकरण

शासकीय अभिलेख : शासनाच्या किंवा शासनाधीन संस्थेच्या कामकाजातून निर्माण झालेल्या अथवा तिच्याकडे रीतसर आलेल्या नस्त्या, नोंदवह्या, नकाशे, हस्तलिखिते, छायाचित्रे आणि अलीकडच्या काळात संगणकात साठविलेली माहिती, या सर्वांचा संग्रह. हा संग्रह वर्गवारीने लावणे, मुदत सरलेले कागद नियमाने बाहेर काढणे, राहिलेले सुस्थितीत राखणे आणि मागणाऱ्यास ते योग्य वेळी उपलब्ध करून देणे ही जबाबदारी पदाबरोबर येते व पदाबरोबरच पुढच्या माणसाकडे जाते. तलाठी, मंडळ अधिकारी, ग्रामसेवक, अव्वल कारकून, अभिलेखपाल हे सर्व दप्तराचे विश्वस्त असतात. मालक त्यांपैकी कोणीही नसतो. प्रस्तुत नोंदीत हा विषय रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन आणि त्याचा परिसर यांच्या संदर्भाने मांडला आहे.

स्थलविचार : बोर्ली पंचतन हे दिवेआगर व दिघी यांच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांचे बाजाराचे गाव होय. हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात मोडत असे; १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, प्रदेश कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. एका शतकाच्या आत येथील जमिनीवर नबाबाचा अंमल, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र राज्य अशा तीन राजवटींचा शिक्का उमटला असल्यामुळे, एखाद्या वाडीची हकीकत मुळापर्यंत शोधू जाता संस्थानी अमदानीतील मोडी कागदांपासून संगणकावरील सातबाऱ्यापर्यंतचा प्रवास करावा लागतो, आणि या साखळीतील एक कडी जरी हरवली तरी पुढील सर्व कड्या अधांतरी राहतात.

लिहून ठेवण्याची परंपरा या किनाऱ्यास नवी नाही. शके ९८२ चा (इ. स. १०६०) दिवेआगरचा ताम्रपट हा मराठी भाषेतील प्राचीनतम लेखांपैकी एक असून, गावातील माणसांमध्ये झालेली व्यवस्था पुढे नाकारली जाऊ नये म्हणून ती धातूवर कोरून ठेवण्याची जाणीव येथील लोकांस हजार वर्षांपूर्वी होती, याचा तो पुरावा आहे. श्रीवर्धनच्या देशमुखीचे वतन असलेल्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले, आणि त्यांच्या वंशजांच्या कारभारातून जे प्रचंड दप्तर उभे राहिले ते आज पुण्याच्या पुराभिलेखागारात ‘पेशवे दप्तर’ म्हणून नांदते आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. फडणीस, चिटणीस, दप्तरदार यांच्या हाताखालच्या ज्या अनाम कारकुनांनी रोजचा जमाखर्च, ताळेबंद व यादी रुमालात बांधून ठेवल्या, त्यांच्या शिस्तीवाचून मराठ्यांचा इतिहास मुख्यतः बखरींवरच लिहावा लागला असता.

जुन्या व्यवस्थेत गावचे दप्तर देशावर कुलकर्ण्याच्या घरी, तर कोकणात बहुधा खोताच्या ओटीवर असे. दप्तर ज्याच्या घरी, गाव त्याच्या मुठीत. कुळाने भरलेला फाळा कागदावर चढला की नाही हे कुळास कळण्याचा मार्ग नव्हता. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १९५० चा परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा यांनी वंशपरंपरागत अधिकार संपविले, तेव्हा दप्तरही घरातून कचेरीत आले. कूळकायद्याने जमीन कुळाची झाली, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण जमिनीचा कागद सार्वजनिक झाला, हा बदलही तितकाच मोठा होता, आणि त्याचे मोल आमच्या लेखकांनी पुरेसे ओळखले नाही असे वाटते.

गावदप्तर : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ (अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासून) आणि त्याखालील नियम यांनी गावचे नमुने ठरवून दिले आहेत. नमुना ७ मध्ये जमिनीचे अधिकार, १२ मध्ये पिके, ८-अ मध्ये खातेदाराची एकत्रित जमीन, ६ मध्ये फेरफार आणि ६-अ मध्ये तक्रारी केसेस, अशी मांडणी असते. वारस, खरेदी, वाटणी किंवा बोजा यांची वर्दी मिळाली की तलाठी फेरफार नोंदवितो, हितसंबंधितांस नोटीस देतो, हरकतीची मुदत जाऊ देतो आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा कारण लिहून रद्द करतो. पूर्वापार तलाठी म्हणून ओळखला जाणारा हा नोकर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणविला जातो; कर्तव्य तेच आहे. याच अधिनियमाच्या १५७ व्या कलमान्वये अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. कायद्याने नोंदीवर एवढा विश्वास टाकला असल्यामुळे ती करणाऱ्याची व सांभाळणाऱ्याची सचोटी हाच त्या विश्वासाचा एकमेव आधार ठरतो. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय कलम १५५ मध्ये आहे. परंतु ती सोय खऱ्या हस्तदोषापुरती असून, हक्काचा वाद दुरुस्तीच्या नावाखाली मिटविणे हा दप्तराशी केलेला द्रोह होय.

ग्रामपंचायतीचे दप्तर निराळे. घरपट्टीच्या आकारणीचा नमुना ८, सभांची इतिवृत्ते, जमाखर्च आणि १९६९ च्या अधिनियमाखालील जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या ग्रामसेवकाच्या ताब्यात असतात. बोर्ली परिसरातील कितीतरी कुटुंबे पिढ्यानुपिढ्या मुंबईस किंवा आखाती देशांत पोटापाण्यास गेलेली आहेत. पारपत्रासाठी जन्माचा दाखला, आजोबांच्या नावावर राहिलेल्या नारळी-पोफळीच्या वाडीस वारस लावणे, कूळकायद्याच्या कलम ३२-ग खालील निकालाची नक्कल, अशा कामांसाठी ही माणसे चार दिवसांची रजा काढून गावी येतात. ‘कागद सापडत नाही, पुढच्या महिन्यात या’ हे वाक्य कचेरीत बसलेल्यास साधे वाटते. रजा संपलेल्या माणसास त्याचा अर्थ पुढील वर्ष असा असतो.

जातीच्या दाखल्यांनी जुन्या दप्तराचे महत्त्व आणखी वाढविले. इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा द्यावा लागतो. तो शाळेच्या सामान्य नोंदवहीत, कोतवाल बुकात किंवा जुन्या हक्कनोंदीत मिळतो. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाऊन कुणबी नोंदींचा शोध प्रथम मराठवाड्यात व नंतर राज्यभर सुरू झाला, तेव्हा तहसिलींतील बासने सोडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. ज्या लिपीत शतकानुशतके राज्यकारभार चालला ती वाचणारा मनुष्य जिल्ह्याच्या अभिलेखकक्षात कायम असू नये, ही खेदाची गोष्ट आहे. वाचता न येणारा कागद जतन केला तरी तो अर्धाच जतन होतो.

वर्गवारी व निंदणीकरण : सर्वच कागद ठेवू पाहणारी कचेरी शेवटी कोणताच कागद शोधू शकत नाही. म्हणून महाराष्ट्राच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत प्रत्येक नस्ती बंद करतानाच तिचा वर्ग ठरविण्याचा दंडक आहे : ‘अ’ कायमची, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे व ‘ड’ एक वर्ष. फेरफार नोंदवही, भूसंपादनाचा निवाडा, कूळकायद्याचा निकाल यांसारखे हक्क निर्माण करणारे कागद पहिल्या वर्गात, तर किरकोळ रजेचे अर्ज व स्मरणपत्रे शेवटच्या वर्गात पडतात. महसूल खात्यात अँडरसनच्या नियमपुस्तिकेपासून रूढ झालेली सहा गठ्ठ्यांची पद्धती याच शिस्तीचा भाग आहे. चालू, प्रतीक्षाधीन, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे ‘ड’ कागद असे सहा गठ्ठे कारकुनाच्या मेजाशी असावेत, म्हणजे त्याच्या गैरहजेरीतही दुसऱ्याच्या हाती कागद लागतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी केलेली कार्यालयरचनेची सुधारणा ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजली, तिचाही गाभा कागद ठरल्या जागी असणे हाच होता.

निंदणीकरण, म्हणजे मुदत सरलेले कागद वेचून काढणे, हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत जोखमीचे होय. शेतकरी भात निंदताना रोप आणि तण पानावरून ओळखतो, तशी नजर येथेही लागते, आणि ती अनुभवाशिवाय येत नाही. म्हणूनच हे काम नव्याने लागलेल्या शिपायावर किंवा रोजंदारीच्या माणसावर सोपवू नये. नष्ट करावयाच्या कागदांची यादी करून सक्षम अधिकाऱ्याची लेखी मंजुरी घ्यावी, ज्या प्रकरणात अपील, लेखापरीक्षणाचा आक्षेप, चौकशी किंवा माहितीच्या अधिकारातील अर्ज प्रलंबित असेल ते मुदत सरली तरी बाजूस काढावे, आणि नष्ट केल्याची यादी स्वतः कायम ठेवावी. रद्दीवाल्यास वजनावर दिलेला सरकारी कागद अखंड जाता कामा नये, कारण त्यात लोकांची नावे, सह्या व अंगठे असतात.

कायदा : केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा, तर महाराष्ट्राचा २००५ चा. विहित रीतीवाचून सार्वजनिक अभिलेख नष्ट करणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने तर प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूची व अनुक्रमणिकेसह ठेवण्याचे बंधन घातले आहे. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने आपण एका प्रश्नातून सुटलो असे मानू नये. तो कागद नियमाने नष्ट झाला असेल तर त्याची यादी कोठे आहे, आणि झाला नसेल तर तो कोणाच्या ताब्यात होता, हे दोन प्रश्न त्या उत्तराच्या पाठोपाठ उभे राहतात.

हवामान : सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, खारा वारा, वाळवी आणि कसर हे या किनाऱ्यावरील दप्तराचे नित्याचे शत्रू. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा या भागातील असंख्य घरांची छपरे उडाली. वाऱ्यामागून आलेल्या पावसात उघड्यावर पडलेल्या कागदाची काय गत होते हे सांगावयास नको. कपाट भिंतीपासून व जमिनीपासून दूर असावे, मृगापूर्वी छप्पर तपासावे आणि पावसाळ्यानंतर रुमाल सोडून कागदांस हवा द्यावी. भिजलेली वही उन्हात टाकू नये; पाने चिकटतात व शाई उडते. पानांमध्ये टिपकागद घालून, सावलीत, वाऱ्यावर ती हळूहळू सुकवावी. फाटलेल्या पानास पारदर्शक चिकटपट्टी लावणे ही सर्रास दिसणारी चूक होय, कारण काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून अक्षरांवरच डाग पाडतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागून नस्त्या जळाल्या, तेव्हा एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवण्यातील धोका सर्वांस दिसला, आणि संगणकीकरणास वेग आला.

संगणकीय अभिलेख : डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा व ई-फेरफार यांनी गावकऱ्यांचे हेलपाटे पुष्कळ वाचविले, हे निःसंशय. परंतु हस्तलिखित उताऱ्यावरून नोंदी उतरविताना क्षेत्र, नाव व इतर हक्क यांत चुका शिरल्या, आणि त्या दुरुस्त करण्यासाठी चावडीवाचन घेऊन मूळ हस्तलिखिताशी ताळा पाहावा लागला. छायाप्रत घेतली म्हणून मूळ वही टाकून देणे अविचाराचे आहे. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. वरिष्ठांचे आदेश, पंचनाम्याची छायाचित्रे, निर्णयापूर्वीची चर्चा हे सर्व आता नोकराच्या खासगी भ्रमणध्वनीवर येते. तो बदलला, हरवला किंवा नोकर बदलून गेला की शासनाची स्मृती त्याच्याबरोबर जाते. असा प्रत्येक महत्त्वाचा संदेश त्याच आठवड्यात छापून नस्तीस लावावा किंवा ई-ऑफिसमध्ये चढवावा. दप्तर एकेकाळी खोताच्या ओटीवर होते. ते आता कोणाच्या खिशात जाऊ देणे उचित नाही.

कार्यभार व गहाळ अभिलेख : बदली वा निवृत्तीच्या वेळी दप्तराची यादी दोघांच्या सह्यांनी होते. येणाऱ्याने भिडेखातर न पाहता सही केली तर आधीच्या माणसाच्या वेळची उणीवही त्याच्या माथी येते. म्हणून प्रत्येक नोंदवहीची पाने मोजून, कोरी, फाटलेली व खाडाखोडीची पाने यादीत लिहूनच ताबा घ्यावा. कागद गहाळ असल्याचे आढळल्यास ते त्याच दिवशी वरिष्ठांस लेखी कळवावे, शोधाचा पंचनामा करावा आणि संशयास जागा असेल तर पोलिसांत फिर्याद द्यावी. त्यानंतर पुनर्रचना करता येते : तहसिलीतील दुय्यम प्रत, भूमि अभिलेख कार्यालयातील मोजणी नकाशा, दुय्यम निबंधकाकडील दस्ताची नोंद, न्यायालयाच्या प्रकरणात दाखल झालेली खरी नक्कल आणि पक्षकारांच्या घरच्या पेटीतील जुना उतारा यांवरून बहुधा नस्ती पुन्हा उभी करता येते. मात्र ती पुनर्रचित असल्याचा शेरा, प्रत्येक कागद कोठून मिळविला त्याचा उल्लेख आणि आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याची दिनांकित सही तिच्या पहिल्या पानावर असलीच पाहिजे, म्हणजे पुढे न्यायाधीशापुढे ती ठेवणाऱ्यास मूळ कागद आणि नंतर जमविलेला कागद वेगळा दाखविता येईल.