वळणावरील चाकाचा आवाज : दुरुस्तीविद्येच्या इतिहासातील एक प्रकरण

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या औद्योगिक इतिहासाकडे वळले असता यंत्रे घडविणाऱ्यांची नोंद सहज सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या हद्दीत १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सातारा रोड येथे कारखाना काढला. सांगलीस १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले व पुढे त्यास वालचंदांचे नाव मिळाले. यंत्रे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची विद्या मात्र कागदावर फारशी उतरली नाही. ती हाताची व कानाची विद्या होय. तिलाही कालक्रम असतो, हे एका लहानशा लक्षणावरून दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. ते लक्षण म्हणजे गाडी वळताना पुढील चाकातून येणारा आवाज.

बैलगाडीची दोन्ही चाके स्थिर कण्यावर स्वतंत्रपणे फिरतात. वळणावर बाहेरील चाकास अधिक अंतर काटावे लागते, तरी प्रत्येक चाक आपापल्या गतीने फिरत असल्यामुळे अडचण येत नाही. अशा चाकाच्या कुरकुरीचा नेहमीचा अर्थ एकच : वंगण आटले.

मोटारीने हा सरळ अर्थ पालटला. १९५७ पासून तयार होऊ लागलेली अॅम्बॅसडर व मुंबईस कुर्ला येथे बनणारी फियाट ११००, या दोहोंत इंजिनाचा जोर मागील चाकांस मिळे. पुढील चाकांकडे भार वाहणे, दिशा देणे व ब्रेक धरणे एवढीच कामे असत. सबब आवाजाची कारणे मुख्यत्वे बेअरिंग, चाक ज्याभोवती वळते ती किंगपिनसारखी खुंटी आणि स्टिअरिंगचे सांधे यांत शोधावी लागत. चाक जॅकवर उचलून वर व खाली धरून हलवावे. खेळ जाणवल्यास मदतनिसाने ब्रेक दाबावा. खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, कायम राहिला तर खुंटीचा. बेअरिंग धुऊन, नवे ग्रीस भरून नट बेताने आवळावा. झिजलेली खुंटी बुशासह बदलावी. बेअरिंगची घरघर ओळखण्यास वाईहून पाचगणीस चढणारा पसरणीचा घाट उत्तम, कारण तेथे डावी-उजवी वळणे पाठोपाठ येतात. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर जातो. तेव्हाच घरघर वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यावा.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० चे वितरण सुरू झाले आणि इंजिनाचा जोर पुढील चाकांस देणारी मोटार हळूहळू सर्वसामान्यांची झाली. आता तेच चाक वळायचेही होते आणि गाडी ओढायचेही. सतराव्या शतकातील रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखला जाणारा सांधा कोनात फिरू लागला की त्याची गती प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होते. ही उणीव आल्फ्रेड झेप्पा याने सहा गोळ्यांच्या सांध्याने दूर केली, व १९५९ च्या इंग्लिश मिनी मोटारीने तो लोकांच्या वापरात आणला. या समगती सांध्याचा आवाज निराळा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी जोराने पुढे काढली की कट-कट ऐकू येते आणि चाकाच्या वेगाबरोबर तिची लय वाढते. सरळ रस्त्यावर ती बहुधा लोपते. सांध्यावरील रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर फेकले जाते, धूळ व उसाच्या शिवारातील चिखल आत शिरतो आणि गोळ्यांच्या खोबणींत खड्डे पडतात.

जुना नियम येथेच फसवितो. ग्रीस भरल्याने आवाज काही दिवस दबेल, परंतु पडलेले खड्डे भरून येत नाहीत. केवळ बूट फाटला असून आवाज नसेल तर सांधा स्वच्छ करून ग्रीस व बूट नवा घालणे पुरते. कट-कट सुरू झाल्यावर सांधा बदलणेच इष्ट. उलट, खडबडीत रस्त्यावर वा वळताना ‘धाड’ असा एकेरी ठोका येत असेल, तर त्यास समगती सांध्याची कट-कट समजून स्वस्थ बसणे घातक. तो ठोका बहुधा स्टिअरिंगच्या वा चाक धरणाऱ्या बॉल जॉइंटचा असतो. समगती सांधा तुटल्यास गाडीची ओढ जाते. बॉल जॉइंट निसटल्यास चाकच कोलमडते, व घाटात या दोहोंतील अंतर प्राणांचे असते.

तात्पर्य, एकाच चाकाच्या आवाजाचा अर्थ यंत्ररचनेबरोबर बदलत गेला, आणि प्रत्येक पिढीच्या मिस्त्रीस आपला कान नव्याने घडवावा लागला. अॅम्बॅसडर व मारुती ८०० या दोहोंचे उत्पादन २०१४ साली थांबले. ज्यांनी दोन्ही आवाज ऐकले ते कारागीर आता वृद्ध होत आहेत. ज्या पसरणी घाटाच्या पायथ्याशी, वाईस, मराठी विश्वकोश सिद्ध झाला, त्याच घाटात पारखलेले हे आवाज व त्यांची नावे अभ्यासकांनी या कारागिरांच्या तोंडून वेळीच टिपून ठेवणे अगत्याचे आहे.