आपल्या शेजारचे यहुदी आणि त्यांचे दैनंदिन नियम

शब्बाथ, वल्हांडण, बेखमीर भाकर, हात धुण्याचा विधी, शास्त्री आणि परूशी हे शब्द पवित्र मिस्सेतील वाचनांतून आपल्या कानांवर वर्षभर पडत असतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण त्यांचे अर्थ एकदा पाठ करतो आणि पुढे या सर्व दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशातील गोष्टी आहेत, असे गृहीत धरतो. वस्तुतः हे नियम पाळणारी मराठी माणसे आपल्याच रायगड जिल्ह्यात शतकानुशतके राहत आली आहेत. खालापूर-कर्जत परिसरातील आपले भाविक कामानिमित्त ज्या पनवेलला आणि पेणला नित्य जातात, त्या दोन्ही गावांत यहुद्यांची सभास्थाने आहेत. पनवेलचे ‘बेथ एल’ १८४९ सालचे, तर पेणचे ‘बेथ हाएलोहीम’ १८६३ सालचे. या बेने इस्रायल समाजाचे दैनंदिन धर्मनियम काय आहेत आणि त्यांच्या घरी जाताना आपण काय ध्यानात ठेवावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

बेने इस्रायलांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पवित्र ग्रंथ समुद्रात गेले. हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शेमा’ हीच काय ती त्यांच्या मुखी उरली. (अनुवाद ६:४ मधील हीच प्रार्थना येशूने पहिली आज्ञा म्हणून सांगितली, हे मार्क १२:२९ मध्ये आपण वाचतो.) पुढे ही मंडळी कोकणातील गावोगावी पसरली, मराठी बोलू लागली, गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे लावू लागली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दहा आज्ञांत शब्बाथची विश्रांती गुराढोरांनाही दिलेली आहे. घाणा थांबला की बैलाचेही जू उतरे.

येथे एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. या समाजाजवळ शेकडो वर्षे रब्बी नव्हते, ग्रंथ नव्हते, धर्मपीठ नव्हते. शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी सुंता, स्वयंपाकातील विधिनिषेध आणि उपवास एवढे त्यांनी राखले. बाराव्या शतकाच्या अखेरीस थोर यहुदी धर्मपंडित मायमोनिडिस यांनी एका पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांविषयी लिहिले आहे की, त्यांना शब्बाथ आणि सुंता याखेरीज नियमशास्त्राचे काही ठाऊक नाही. तो उल्लेख कोकणातल्या यहुद्यांचाच आहे की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वर्णन मात्र त्यांना जुळते.

एरवी जगभरचे यहुदी धर्मशास्त्र फार विस्तृत आहे. मोशेच्या पाच ग्रंथांत ६१३ आज्ञा मोजल्या जातात. त्यांवरील मौखिक परंपरा इ. स. २०० च्या सुमारास ‘मिश्ना’मध्ये एकत्र झाली, तिच्यावर ‘तालमूद’ची चर्चा उभी राहिली आणि योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरूख’ हा संग्रह १५६५ साली व्हेनिस येथे छापला गेला. आजही रोजच्या प्रश्नांची उत्तरे प्रथम तेथे शोधली जातात.

शब्बाथ

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. दिवस संध्याकाळपासून मोजण्याची ही रीत आपल्याला परकी वाटू नये, कारण शनिवारी सायंकाळी आपण रविवारची मिस्सा साजरी करतो ती याच हिशेबाने. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घरातील स्त्री दिवे लावते. त्यानंतर अग्नी पेटवणे, स्वयंपाक करणे, लिहिणे, शिवणे, पैशांचा व्यवहार करणे इत्यादी कामे वर्ज्य होतात. मिश्नेत अशा कामांचे ३९ प्रकार दिले आहेत. शनिवारचे जेवण शुक्रवारीच रांधून ठेवायचे असते.

मग एखाद्याचा जीव धोक्यात असला तर? द्रुतगती मार्गावरील अपघात ज्यांनी पाहिले आहेत, अशा आपल्या खालापूरच्या वाचकांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. यहुदी शास्त्राचे उत्तर निःसंदिग्ध आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायचा. मोडण्याची नुसती मुभा नाही, ते कर्तव्य आहे. गाडी चालवावी, दूरध्वनी करावा, शस्त्रक्रिया करावी. आणि हे काम दुसऱ्या धर्माच्या माणसावर ढकलण्यापेक्षा तेथे हजर असलेल्या जाणत्या यहुद्याने स्वतः करावे, असे शुल्हान आरूख सांगतो. शब्बाथ माणसासाठी आहे, या येशूच्या शिकवणीशी (मार्क २:२७) जुळणारे वचन रब्बींच्या प्राचीन ग्रंथांतही आढळते. हा नियम ज्यांनी मांडला, ते रब्बी परूश्यांच्याच परंपरेचे वारस होत. ‘परूशी’ हा शब्द आपण ढोंगी माणसाला शिवी म्हणून वापरतो, तेव्हा हे विसरतो.

स्वयंपाकघर

खाण्यापिण्याच्या नियमांना ‘कश्रूत’ म्हणतात. आधार मुख्यतः लेवीय ११ आणि अनुवाद १४ या अध्यायांचा. ज्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जो रवंथ करतो, असाच पशू चालतो. म्हणून बोकड चालतो, डुक्कर चालत नाही. कापणारा माणूस त्या विधीत शिकलेला हवा. रक्त तर सर्वथा निषिद्ध, त्यामुळे मांस मीठ लावून, निथळून, धुऊन घेतात. रक्ताचा हा निषेध आपल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीनेही काही काळ पाळला होता, याची साक्ष प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये आहे.

माशांबद्दल नियम सोपा आहे. पर आणि खवले दोन्ही हवेत. रावस, पापलेट, रोहू, कटला चालतात. शिंगाळा, मोरी, वाम चालत नाहीत. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला आपली मुले ओढ्यावर जातात, त्या पाटीतले काही मासे बेने इस्रायली घरात जातील आणि काही जाणार नाहीत. चिंबोऱ्या तर अजिबात नाहीत. कोळंबी, तिसऱ्याही नाहीत. या नियमावरच या समाजाची ओळख पटली, अशी आठवण ते सांगतात. दावीद रहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. त्याने या तेली कुटुंबांतील स्त्रियांपुढे मिसळलेले मासे ठेवले. स्त्रियांनी खवल्यांचे मासे तेवढे शिजवायला घेतले, बाकीचे बाजूला सारले. तेव्हा हे आपलेच बांधव, अशी त्याची खात्री पटली. रहाबी कोणत्या शतकातला, यावर इतिहासकारांत वाद आहे. पुरुषांना पोथी वाचता येत नव्हती त्या काळात स्त्रियांच्या हाताला नियम ठाऊक होता, एवढे या कथेत उघड आहे.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा मोशेच्या ग्रंथांत तीनदा येते. तिच्यावरून मांस आणि दूधदुभते एकत्र शिजवणे व खाणे वर्ज्य ठरले. भांडी वेगळी, आणि मांसाहारानंतर दूध घेण्यापूर्वी काही तासांचे अंतर. कित्येक समाजांत ते सहा तासांचे असते. कोकणात या नियमाची अडचण फारशी भासली नाही, कारण नारळ हाताशी होता. मटणाच्या रश्श्याला दही न लावता नारळाचे दूध घालायचे. नववर्षाचा चायना ग्रासचा हलवादेखील नारळाच्या दुधात करतात, म्हणजे सामिष जेवणानंतर तो खाता येतो.

द्राक्षारसाची गोष्ट निराळी आहे. विधीसाठी लागणारा द्राक्षारस यहुद्यांनीच केलेला हवा. कोकणात तो मिळेना, तेव्हा बेने इस्रायलांनी काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत काढले आणि शब्बाथचा आशीर्वाद त्यावर म्हटला. आजही ही रीत चालू आहे. नाताळात घरी केलेली वाइन आपण प्रेमाने शेजाऱ्यांना देतो; नियम काटेकोर पाळणारे यहुदी कुटुंब ती घेणार नाही. त्यात अपमान मानू नये.

वल्हांडणाच्या सणात आठ दिवस घरात खमीर नसते. आपल्या बायबलातील ‘बेखमीर भाकर’ या शब्दाने मात्र आपल्या भागात थोडा घोटाळा होतो. आपण तांदळाची भाकरी खाणारे. तिच्यात खमीर नसतेच, मग तीच चालेल असे वाटते. ती चालत नाही. विधीची भाकर गहू, बार्ली आदी पाच ठरावीक धान्यांचीच हवी, म्हणजे जे पीठ भिजवून ठेवले तर आंबू शकते, पण आंबू दिलेले नाही, असे. पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून व्हावी लागते. पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह छापलेल्या वल्हांडणाच्या ‘हग्गादा’ पोथीत आपल्याकडच्या पोशाखातील स्त्रिया ही भाकर करताना चित्रित केल्या आहेत. पीठ मळणाऱ्या त्या बायका आपल्याकडच्या कोणत्याही ओटीवर शोभतील.

सर्वच रीती शास्त्रातून येत नाहीत. ‘मलिदा’ हा या समाजाचा खास विधी. पोहे, खोबरे, गूळ, वेलची आणि फळे ताटात मांडून एलिया संदेष्ट्याचे स्मरण करतात. लग्नापूर्वी, नवस फेडताना, नव्या घरात. संदेष्ट्याच्या रथाची खूण म्हणून दाखवला जाणारा खडक अलिबागजवळच्या खंडाळे गावाकडे आहे (आपल्या बोरघाटातील खंडाळा हा नव्हे). मलिदा जगातील इतर यहुद्यांत नाही, तरी त्याच्या आत शास्त्र आहेच. झाडाच्या फळाला एक आशीर्वचन, जमिनीच्या पिकाला दुसरे. केळ्याला झाडाचे फळ मानत नाहीत, कारण केळीचा खोड एकदा घड देऊन मरतो. त्याच्यावर जमिनीच्या पिकाचे आशीर्वचन म्हणतात.

दहा माणसे

सार्वजनिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष हजर हवेत, असा परंपरागत नियम आहे. त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. आपला धर्मगुरू एकाच भाविकासमोरही मिस्सा अर्पण करू शकतो. तेथे नऊ श्रद्धाळू जमले तरी नियमशास्त्राच्या गुंडाळीचे विधिवत वाचन होत नाही आणि मृतांसाठी म्हटली जाणारी ‘कद्दीश’ प्रार्थनाही होत नाही. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाल्यावर बेने इस्रायल मोठ्या संख्येने तिकडे गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे अडीच हजार यहुदी उरले होते. राज्य शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातील सभास्थानांत आज खरा प्रश्न दहावा माणूस कोठून आणायचा, हा असतो.

जे गेले, त्यांच्यापुढे वेगळा प्रश्न उभा राहिला. यहुदी घटस्फोट केवळ न्यायालयाच्या कागदाने पुरा होत नाही. ‘गेट’ नावाचे धार्मिक पत्र लागते. (केवळ दिवाणी घटस्फोटाने आपल्या ख्रिस्तसभेतही पुनर्विवाह होत नाही, हे वाचकांना ठाऊक आहे.) रब्बी नसलेल्या कोकणात पूर्वजांचे घटस्फोट विधिवत झाले होते काय, अशी शंका तेथील मुख्य रब्बी मंडळाने काढली आणि १९६२ साली बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. शनिवारी घाणा बंद ठेवून ज्यांनी धर्म जपला, त्यांना आपण यहुदी आहोत हे सिद्ध करायला सांगण्यात आले. जेरुसलेममध्ये निदर्शने झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केल्यावर निर्देशांतील त्यांचा उल्लेख काढण्यात आला.

आम्हां कॅथलिकांचाही एक हिशेब येथे मांडला पाहिजे. शुक्रवारी घर झाडणे, शनिवारी स्वच्छ कपडे घालणे, डुकराचे मांस आणि बिनखवल्यांचा मासा टाळणे, या घरगुती गोष्टी पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यांत गुन्ह्याच्या खुणा म्हणून दिल्या होत्या. गोव्यात ते न्यायासन १५६० साली आले. त्याचा रोख बाप्तिस्मा घेतलेल्या, पण गुप्तपणे यहुदी रीती पाळत असल्याचा संशय असलेल्या कुटुंबांवर होता. वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या बहिणीला १५६९ साली जाळण्यात आले आणि १५८० साली स्वतः ओर्तांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ‘नोस्त्रा एताते’ हा दस्तऐवज २८ ऑक्टोबर १९६५ चा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००० मध्ये जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवली.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. यहुदी नियम यहुद्येतरांना बंधनकारक नाहीत, त्यामुळे पाहुण्याने ते पाळावेत अशी कोणी अपेक्षा करत नाही. सभास्थानात पुरुषांनी डोके झाकावे. टोपी नसेल तर रुमाल चालतो. दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी लावलेली लहान नळी म्हणजे ‘मेझुझा’. तिच्यात शेमाचे वचन लिहिलेले चर्मपत्र असते. ते शोभेचे खेळणे समजून हाताळू नये. भेट न्यायची तर अख्खी फळे किंवा नारळ न्यावा, घरी शिजवलेले पदार्थ नेण्यापूर्वी विचारावे. शनिवारी दूरध्वनी करू नये, छायाचित्रे काढू नयेत, पैशांचे बोलू नये. सभास्थान पाहायचे असल्यास तेथील व्यवस्थापकांना आधी विचारून रविवार ते गुरुवारपैकी एखादा दिवस ठरवावा. शुक्रवारी दुपारनंतर त्या घरात स्वयंपाकाची घाई असते.