नारायण विनायक जगताप कोण होते?

डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशकात झालं. पंचवटीतून आग्रा महामार्गाने आडगावकडे गेलं की भुजबळ नॉलेज सिटी लागते, तिथे. घरापासून जवळच, म्हणून मीही एक दिवस जाऊन आले. एम.एस्सी. झाली होती आणि पीएचडीच्या प्रवेशाची खटपट चालू होती. संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत.

खगोलशास्त्रज्ञ माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष, याचंच मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. पण हा माणूस मराठी कथेकडे कसा आला, ती हकीकत मला पुढे कळली, आणि माझा पहिला पेपर परत आल्यावर ती खऱ्या अर्थाने समजली. रिसर्चला लागणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी असं वाटतं, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. नारळीकरांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. वाढले मात्र बनारसला, कारण वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. शाळा-कॉलेज तिथेच. म्हणजे मराठी ही त्यांची घरातली भाषा, शाळेतली नव्हे. ‘आपलं शिक्षण त्या भाषेत झालं नाही’ हे कारण आपण लिहिणं टाळायला किती सहज देतो, ते इथे आठवून ठेवा.

१९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले. त्याच वर्षी तिथले खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे हॉईल हेच नारळीकरांचे गाईड. १९६३ मध्ये पीएचडी, १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणावरचा हॉईल-नारळीकर सिद्धांत, आणि १९६५ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी पद्मभूषण. १९७२ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यांचं नाव तोवर महाराष्ट्रात घरोघरी पोचलं होतं.

आता १९७४. अहमदाबादला एक परिषद होती. कुणाचं तरी कंटाळवाणं भाषण चालू होतं. नारळीकरांनी परिषदेत मिळालेले कागद पुढे ओढले आणि त्यावर एक गोष्ट लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषद तेव्हा विज्ञानकथांची स्पर्धा घेत होती. गोष्ट तिथे पाठवायची ठरली.

पण पाठवायची कुणाच्या नावाने? स्वतःच्या नावाने पाठवली असती तर परीक्षकांनी ती आधी पद्मभूषण शास्त्रज्ञाची म्हणून वाचली असती आणि मग गोष्ट म्हणून. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना. चं झालं ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप. तरी एक धोका उरत होता. त्यांचं हस्ताक्षर ओळखीचं होतं. तेव्हा पत्नी मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणितज्ञ, ती गोष्ट आपल्या अक्षरात उतरवून काढली.

गोष्टीचं नाव ‘कृष्णविवर’. इंग्रजीत ‘ब्लॅक होल’ हा शब्द जॉन व्हीलर यांनी रूढ केला तो १९६७ च्या सुमारास, आणि कृष्णविवरांतून किरणोत्सर्ग होऊ शकतो असं सांगणारा स्टीफन हॉकिंग यांचा पेपर ‘नेचर’मध्ये आला तो १९७४ च्या मार्चमध्ये. म्हणजे जगात ज्या विषयावर काम ऐन रंगात होतं, त्याच विषयावर कुणा अनोळखी जगतापांनी त्याच वर्षी मराठीत गोष्ट लिहून स्पर्धेला पाठवली होती. तिला पहिला क्रमांक मिळाला. खरं नाव मग बाहेर आलं. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रकारच्या लेखनाची दखल घेतली.

आपल्याकडे टोपणनावं काही नवी नाहीत. नाशिकच्या त्या संमेलननगरीला ज्यांचं नाव दिलं होतं ते कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आणि सायन्सवाल्यांनी ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ वापरलेली असते, पण हा स्टुडंट कोण ते फारसं कुणी विचारत नाही. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत नोकरीला होता. कंपनीला आपल्या माणसांनी स्वतःच्या नावाने शोधनिबंध छापलेले नको होते, म्हणून १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या नावाने पेपर छापला. गॉसेटने नाव झाकलं ते नोकरीसाठी. नारळीकरांचं कारण निराळं होतं. त्यांना एक गोष्ट तपासून घ्यायची होती: माझं नाव काढून घेतलं तर हे लिखाण स्वतःच्या पायावर उभं राहतं का?

हा प्रश्न त्यांनी शास्त्रज्ञ म्हणूनच विचारला, असं मला वाटतं. त्याला पुष्टी देणारं एक उदाहरण बऱ्याच नंतरचं आहे. फलज्योतिषाची चाचणी घेताना त्यांनी, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० पत्रिका जमवल्या. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. पत्रिका कुणाची ते झाकून ज्योतिषांना प्रत्येकी ४० पाठवल्या आणि कुठली कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, त्यांतली ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं. हे काम २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. इथेही पद्धत तीच: ज्या माहितीमुळे निकाल झुकू शकतो ती आधी झाकायची. १९७४ मध्ये त्यांनी ही पद्धत स्वतःच्याच लिखाणाला लावली होती.

आता माझं. माझं काम गोदावरीच्या पाण्यावर आहे. पहिल्या पेपरचा खर्डा मी गाईडना दिला, त्यांनी दोन-चार दुरुस्त्या सांगितल्या. लॅबमधल्या दोघांनी वाचला, ‘मस्त आहे’ म्हणाले. जर्नलकडून तो परत आला. रिव्ह्यूअरने विचारलं होतं: नमुने ज्या तीन ठिकाणांहून घेतले ती ठिकाणं प्रवाहाच्या दिशेने कुठल्या क्रमाने येतात?

मला आधी रागच आला. मग पेपर पुन्हा काढला. खरंच, तीन ठिकाणांची नावं होती, पण रामकुंडाच्या वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा होता! गाईडना ते दिसलं नाही, कारण जागा त्यांनीच निवडल्या होत्या. लॅबमधल्यांना दिसलं नाही, कारण बाटल्या घेऊन ते माझ्याबरोबर घाटावर उभे होते. मला तर दिसणारच नव्हतं, मी पंचवटीची. पाणी रामकुंडावरून कुठे जातं हे मला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. मी अर्धाच मजकूर लिहिला होता आणि उरलेला अर्धा आम्ही सगळ्यांनी डोक्यातून भरून घेतला होता.

नारळीकरांच्या गोष्टीचा अर्थ तेव्हा माझ्या नीट ध्यानात आला. आपल्याला ओळखणारा वाचक आपल्या चुका मुद्दाम लपवत नाही. तो रिकाम्या जागा नकळत भरतो. मोठ्या नावाच्या लेखकाच्या बाबतीत हे आदरापोटी होतं, आपल्या बाबतीत सवयीपोटी. लिखाण सुधारायचं तर रिकामी जागा जिथे आहे तिथेच अडणारा वाचक लागतो.

मी मग इतिहासात एम.ए. करणाऱ्या एका मैत्रिणीला गाठलं. तिला सांगितलं, चूक-बरोबर बघू नकोस, फक्त जिथे थांबावं लागलं तिथे पेन्सिलने रेघ मार. दोन पानांत अकरा रेघा आल्या. त्यांतल्या चार तांत्रिक शब्दांच्या होत्या, त्या मी सोडून दिल्या, कारण पेपर माझ्या विषयातल्या लोकांसाठी होता. उरलेल्या सातही ठिकाणी दोष माझाच होता. कुठे ‘हे’ म्हणजे नेमकं काय ते कळत नव्हतं, कुठे कारण आधी येऊन निष्कर्ष गायब होता.

पण अनोळखी वाचकासाठी लिहायचं म्हणजे विषय पातळ करायचा, असं नाही. ‘यक्षांची देणगी’ हा नारळीकरांचा कथासंग्रह १९७९ मध्ये आला. त्यातल्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत मोबियस पट्टीची कल्पना आहे. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवली की तिला एकच बाजू उरते. अशा पिळातून एखादी वस्तू फिरून आली तर तिचं डावं-उजवं उलटं होईल. ही कल्पना समीकरणाशिवाय समजावणं कठीण. पण मराठी घरात गणपतीची सोंड डावीकडे की उजवीकडे हे सगळे बघतात, आणि उजव्या सोंडेचा दुर्मिळ, कडक सोवळ्याचा, हेही माहीत असतं. वाचकाच्या देव्हाऱ्यात जे आधीच होतं तेच लेखकाने उचललं आणि गणित मात्र आहे तेवढंच अवघड ठेवलं. आपल्या प्रबंधात गणपती येणार नाही, हे मान्य. पण वाचकाला आधीपासून काय माहीत आहे हे ठरवून तिथून सुरुवात करायची, हे प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदातही करता येतं.

आणि हे एका स्पर्धेत जमलं आणि संपलं, असंही झालं नाही. कादंबऱ्या, लेख, विज्ञानाची पुस्तकं असं लिहिणं पुढे चालूच राहिलं. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी करण्याचं काम अंगावर आलं तरीही. १९९६ मध्ये विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. मे २०२५ मध्ये ते गेले. आपण मात्र म्हणतो, ‘रिझल्ट येऊ देत, मग लिहायला बसते.’ मीही दोन वर्षं हेच म्हणत होते.

मुलं स्वाक्षरी मागायला आली की नारळीकर सांगायचे, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर आणि सही दोन्ही मिळेल. समोरचा मुलगा कोण, कितवीतला, त्याला किती येतं, हे ठाऊक नाही आणि जागा पोस्टकार्डाएवढी.

पेटची तयारी करत असाल किंवा कोर्सवर्कला असाल, तर आज एवढंच करा. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आणा. तुमच्या रिसर्चचा प्रश्न काय आहे आणि तो सुटला तर काय कळेल, ते त्यावर मराठीत लिहा. नाव घालू नका. मग विषय वेगळा असलेल्या कुणाला तरी द्या आणि पेन्सिलही द्या. माझ्या पहिल्या कार्डावर तीन रेघा आल्या होत्या. रामकुंडाच्या वर की खाली, हे मी तेव्हाही लिहायला विसरले होते.